पावसाची सुट्टी

'अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या शाळेला सुट्टी' असा निरोप पालकांच्या ग्रुपवर येतो आणि घरात एकच जल्लोष होतो. मुलांनी नाचावं, त्यांचं वयच ते आहे. त्यावरून त्यांना ओरडू नये. अपराधी वाटायला लावून कुणाच्या मनात माया रुजत नाही. पण ही सुट्टी कशापायी मिळाली हे सांगायचं काम मोठ्यांचं, आणि तिथे आपण कमी पडतो.

२० जुलै २०२३ चा गुरुवार आठवून बघा. त्या दिवशी रायगड जिल्ह्यातल्या शाळा पावसामुळे बंद होत्या. आदल्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकर आदिवासींची वस्ती होती; वर जायला रस्ताच नव्हता. जेसीबी पोचेना. जवान आणि आसपासचे गावकरी कुदळ-फावडी घेऊन भर पावसात निसरडी पायवाट चढले आणि हातांनी चिखल उपसत राहिले. चढतानाच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. २३ तारखेला शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. वाडीतली काही मुलं निवासी आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. त्यातल्या काहींना घरी परत न्यायला कुणी उरलं नव्हतं.

हे लहान मुलांना सांगावं का? टीव्हीवरची दृश्यं मुळीच दाखवू नयेत. पण नकाशावर ती जागा दाखवावी, तिथेही शाळेत जाणारी मुलं होती एवढं सांगावं आणि थांबावं. मग प्रश्न मुलंच विचारतात: त्यांची दप्तरं कुठे गेली? आता ती झोपणार कुठे? उत्तरही खरं द्यावं. वाचलेली कुटुंबं पुढचे कित्येक महिने कंटेनरच्या खोल्यांत राहिली. आपली सुट्टी केव्हाच संपली होती.

हे ऐकून मदत करावीशी वाटते, पण मदतीच्या नावाखाली विटके, फाटके कपडे बांधून पाठवणं मला अपमानास्पद वाटतं. मुलं ते गाठोडं बांधताना बघत असतात.

या पावसाळ्यात अशी बातमी आली, तर मदतकेंद्रावर फोन करून काय हवंय ते आधी विचारा, आणि तो फोन मुलांसमोर करा. शाळा सुरू झाल्यावर, महिन्याभराने, पुन्हा एकदा करा.