मोडलेला नेम

कोणताही चांगला नेम प्रथम सुरू करणे तसे सोपे असते. नवेपणाचा उत्साह सोबतीला असतो, घरची माणसे कौतुक करतात आणि आपल्या दुबळेपणाची ओळख अजून पटलेली नसते. खरी कसोटी लागते ती मोडलेला नेम पुन्हा हाती घेताना. पहाटे फिरायला जाण्यासारखी साधी गोष्ट घ्या. वर्षभर नियमाने चालणारा माणूस तीन-चार महिने घरी बसतो आणि मग एके दिवशी पुन्हा रस्त्यावर दिसतो, तेव्हा भेटणारा पहिला परिचित हसून विचारतो, "काय, पुन्हा सुरू का?" त्या 'पुन्हा' शब्दात थोडी थट्टा असते. आम्हांला वाटते, त्या थट्टेत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. खंडित झालेला नेम पुन्हा धरणे म्हणजे झालेली हार झाकण्याची धडपड, की तो स्वतःच एक सद्गुण आहे?

वऱ्हाडात हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले अचलपूर, म्हणजे एकेकाळची इमादशाहीची राजधानी एलिचपूर, हे काही बारमाही थंड हवेचे गाव नव्हे. वैशाखात भिंती रात्रभर धगधगतात आणि डोळा लागतो तोच मुळी पहाटे. मृगाच्या सरी आल्या की काळ्या मातीचा चिखल पायांना धरून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास हवेत गारवा येतो, शिवारात पऱ्हाटी फुटू लागते, आणि तेव्हा कुठे पहाटेच्या रस्त्यावर परतवाड्याच्या दिशेने जाणारी माणसे पुन्हा दिसू लागतात. येथे खंड हा अपवाद नाही; तो ऋतुचक्राचाच एक भाग आहे.

पण सगळे खंड सारखे नसतात. कुणी उन्हामुळे थांबतो, कुणी आळसामुळे. कुणाच्या घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली असते आणि तिला पहाटेच औषधपाणी करावे लागते. अशा घरातील सुनेने किंवा मुलाने फिरणे सोडले, तर त्यांचा नेम मोडला असे म्हणावे काय? आमच्या मते त्यांनी लहान कर्तव्य मोठ्या कर्तव्यासाठी बाजूला ठेवले. त्यांनी परत चालू लागताना मनात अपराधाची भावना बाळगण्याचे कारण नाही. खंडाचे मोल गेलेल्या दिवसांच्या संख्येवरून ठरत नाही. तो कशासाठी पडला यावरून ठरते.

उरला आळसाचा खंड. संत थॉमस अक्वायनस यांनी सवयींचा विचार करताना असे सांगितले आहे की, केवळ कृती थांबल्यानेही सद्गुण क्षीण होतो. त्यासाठी वाईट कृती घडण्याचीच गरज नसते. शरीराचेही तसेच आहे. काही आठवडे चालणे सुटले की दम लागू लागतो. परंतु जे न वापरल्याने क्षीण झाले, ते वापराने पुन्हा बळकट होते, ही त्याच नियमाची दुसरी बाजू आहे. प्रथम चालू लागणाऱ्याला आपण किती दुबळे आहोत हे ठाऊक नसते. पुन्हा चालू लागणाऱ्याला ते पुरते ठाऊक असते आणि तरीही तो निघतो. म्हणून पहिल्या आरंभापेक्षा दुसऱ्या आरंभात नम्रता अधिक असते, असे आम्ही म्हणू.

गेल्या काही वर्षांनी आम्हां अचलपूरकरांना आणखी दोन प्रकारचे खंड दाखविले. मार्च २०२० मध्ये साऱ्या देशाबरोबर आमचेही रस्ते ओस पडले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर या शहरांवर पुन्हा टाळेबंदी आली. तेव्हा घरी बसणे हेच शेजारधर्माचे पालन होते. एप्रिल २०२२ मध्ये मात्र दुल्हा दरवाजावरील झेंड्यावरून दगडफेक झाली आणि संचारबंदी लागली. तो खंड भीतीचा होता. रोगाच्या भीतीने माणूस माणसापासून काही हात दूर राहतो. माणसाच्या भीतीने तो मनाने दूर जातो, आणि संचारबंदी उठल्यावरही ते अंतर उरते. अशा वेळी पुन्हा पहाटे बाहेर पडणे हा केवळ प्रकृतीचा प्रश्न राहत नाही. दुसऱ्या मोहल्ल्यावरून जाताना दारात उभ्या असलेल्या गृहस्थांना 'सलाम' किंवा 'रामराम' म्हणणे, आणि त्यांनी मान हलवून त्याचा स्वीकार करणे, एवढ्यानेही रस्ता पुन्हा सर्वांचा होऊ लागतो. शांतता समितीच्या बैठका आवश्यकच असतात. पण विश्वासाचा दैनंदिन व्यवहार पायांनीच करावा लागतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. ज्या पहाटे आपण प्रकृतीसाठी चालतो, त्याच पहाटे भाकरीचे फडके घेऊन कापूस वेचायला निघालेल्या बाया त्याच रस्त्याने जातात. त्यांच्या चालण्याचे कौतुक कुणी करीत नाही, आणि त्यांना खंड पाडण्याची मुभाही नाही. खंड पडला तर मजुरी बुडते. मग आमचे चालणे ही पोट भरलेल्यांची चैनच नाही काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. त्या बाया तेवढे श्रम बहुधा एका दिवसातच करतात!

आक्षेपात सत्य आहे. परंतु त्यातून आपण घरी बसावे असे निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते एवढेच की, सांभाळलेल्या शरीराचे आपण पुढे काय करतो, याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाला समाजाच्या सेवेशी जोडले. याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव पायी फिरले, ते हातात खराटा घेऊन. आणि १५४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाच्या आरंभीच संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्म्याच्या साधनेला चालण्या-धावण्याच्या व्यायामाची उपमा दिली आहे. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर, ही संत पौलाची शिकवण आपण प्रवचनांतून ऐकतो. मंदिर झाडूनपुसून ठेवायचे ते कुलूप लावण्यासाठी नव्हे, तर कुणाला तरी आत येता यावे म्हणून.

तेव्हा ज्यांचा नेम मोडला असेल त्यांनी गेलेल्या दिवसांचा हिशेब मांडीत बसू नये. पहिल्या दिवशी निम्मेच अंतर चालावे. वाटेत वेचणीला निघालेल्या बाया दिसल्या तर बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ द्यावे. त्यांना वेळेवर पोहोचायचे असते. आणि कुणी हसून "पुन्हा सुरू का?" असे विचारलेच, तर "होय, पुन्हा" एवढेच म्हणावे. जो आपल्या शरीराला दुसरी संधी देतो, त्याने ती शेजाऱ्यालाही नाकारू नये.