न मागणाऱ्याचं देणं

आमच्या वडिलांची एक वही होती. लाल कापडाची बांधणी, आडवी, दोऱ्यानं गुंडाळलेली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती पाटावर ठेवायचे. मी लहान असताना मला वाटायचं, या वहीत घरची कमाई लिहिलेली असणार, म्हणून तिची पूजा. पुढं 1976 ला दहावी झालो, शाळा सुटली आणि वही माझ्या हातात आली. उघडून बघितली तर सगळं देणंच होतं. अमक्याचे इतके, तमक्याचे इतके. फिटलं की त्यावर आडवी रेघ. वडील म्हणाले, "घेतल्यालं लिहावं. दिल्यालं लिहिलं न्हाई तरी चालतंय."

ती वही संपली. तशीच दुसरी मी आणली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं लिहितोय. या एवढ्या काळात मला कर्जाबद्दल बरंच कळलं. व्याज कसं चढतं ते कळलं, नवंजुनं कसं करतात ते कळलं, सोसायटीचा सचिव मार्चमध्ये गोड का बोलतो तेही कळलं. पण एक गोष्ट अजून नीट कळलेली नाही. चार जणांचं देणं असलं आणि हातात एकाचेच पैसे असले, तर आधी कुणाचं द्यावं?

हा प्रश्न मला एका वर्षानं घातला. ते वर्ष सांगतो.

आमचा मुलूख बालाघाटाच्या माथ्यावरचा. हलकी जमीन, भरवसा पावसावर. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, उभी ज्वारी आडवी झाली. त्यानंतरची दोन वर्षं कोरडी गेली. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, यावरून काय ते ओळखा. त्याच साली जूननंतर मात्र पाऊस बरा झाला. सोयाबीन आणि त्यात तूर पेरली. पीक डोळ्यांत मावेना. म्हणलं, आता वहीतली दोन-तीन पानं तरी पुसून निघतील.

सप्टेंबरात एका रात्री बायकोच्या पोटात दुखायला लागलं. ओव्याचं पाणी दिलं, शेकलं, पण ती लोळायला लागली. तालुक्याला नेलं तर डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करावं लागेल, आधी पैसे भरा. सगळा खर्च 45 हजारांवर जाणार होता. घरात बियाण्या-खतातून उरलेले 15 हजार होते. बोरमाळ सोनाराकडं ठेवली, शेकडा दोननं 10 हजार मिळाले. उरले 20 हजार.

भावकीत दोन घरी गेलो. एकाच्या घरात फवारणीचा खर्च निघाला, दुसऱ्याच्या पोराची फी. खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. ज्याच्या-त्याच्या घरी त्याची-त्याची वही असते.

तेवढ्यात तात्या आले. हे आमचे जुने सालगडी. वडिलांच्या वेळी आठ-दहा वर्षं आमच्याकडं होते. मला बैलाच्या पाठीवर पहिल्यांदा त्यांनीच बसवलेलं. कुणाकडून तरी त्यांना कळलं आणि ते अंधारात चालत आले. बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले 20 हजार काढले आणि माझ्या हातात दिले. मोजलेसुद्धा नाहीत.

मी म्हणलं, "तात्या, तूर निघाली की पयलं तुमचं."

ते म्हणाले, "द्या की दादा निवांत. आधी वहिनीला बघा."

कागद नाही, साक्षीदार नाही, व्याज नाही. हे पैसे त्यांच्याकडं कुठून आले, हे मी त्या रात्री विचारलं नाही. विचारायची वेळ नव्हती, हे खरं. पण नंतर पाच महिने वेळ होता. तेव्हाही विचारलं नाही. ते पैसे उचलीचे होते. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जायचे. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. त्या उचलीतले 20 हजार घरावर पत्रे टाकायला म्हणून तात्यांनी बाजूला ठेवले होते. म्हणजे मला त्यांनी जे दिलं, ती त्यांची शिल्लक नव्हती. ते त्यांचं कर्ज होतं. त्यांनी कर्ज काढून मला बिनव्याजी दिलं होतं.

बायको बरी झाली. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस झाला, शेंगा डागाळल्या, जे आलं ते घरखर्चात आणि औषधात गेलं. नोव्हेंबरात नोटाबंदी. सगळी भिस्त तुरीवर.

तूर 18 क्विंटल झाली. सरकारचा भाव 5,050 होता. पण त्या साली सगळ्यांचीच तूर उदंड. खरेदी केंद्रावर बारदाना नाही आणि ट्रॅक्टरांची रांग. आठ-आठ दिवस तिथं मुक्काम करायचा तर ट्रॅक्टरचं भाडं चढतंय. मी बार्शीला व्यापाऱ्याला 3,900 नं घातली. हमाली-तोलाई, कापणीची मजुरी, मळणीयंत्र, सगळं जाऊन हातात 62 हजार राहिले.

त्या रात्री वही घेऊन बसलो. सोसायटीचं पीककर्ज 48 हजार, मुदत 31 मार्च. खताच्या दुकानदाराची उधारी 11 हजार. सोनार 10 हजार आणि त्याचं व्याज. तात्या 20 हजार. आणि वहीत नसलेला एक खर्च दारात येऊन उभा होता. भाचीचं लग्न ठरलं होतं. बहिणीचं घर तसं नाजूक. मामा म्हणून अंतरपाटाजवळ उभं राहायचं तर हात रिकामे ठेवून कसं राहणार?

सोसायटीचे 48 हजार भरले. उरलेल्या 14 हजारातले 9 हजार भाचीच्या भांड्यांना आणि आहेराला गेले. 5 हजार दुकानदाराला दिले, कारण तो लग्नाच्या मांडवात भेटला आणि चार लोकांत म्हणाला, "आमचं बी ध्यानात ठेवा." सोनाराचं व्याज पुढं ढकललं.

तात्यांना काही नाही.

आता यात माझं चुकलं का? बरीच वर्षं मी माझी बाजू मनात मांडत आलोय, ती आधी सांगतो. सोसायटी थकली असती तर जूनमध्ये नवं कर्ज मिळालं नसतं. नवं कर्ज नाही म्हणजे बियाणं-खत सावकाराच्या पैशानं. मग पुढच्या वर्षी कुणाचंच फिटलं नसतं, तात्यांचंही नाही. माझा मुलगा अजूनही हेच म्हणतो, आणि हिशेबानं त्याचं बरोबर आहे. भाचीचंही तसंच. ऋण काढून सण करू नये म्हणतात, पण बापाविना पोरीचं लग्न हा काही सण नव्हे.

पण खरं सांगायचं तर मी हा हिशेब त्या रात्री इतका शांतपणे केलाच नव्हता. सोसायटीच्या दारावर थकबाकीदारांची यादी लागते, आणि आमच्या घराचं नाव त्या यादीत वडिलांपासून कधी लागलेलं नाही. मला त्या यादीची भीती होती. दुकानदार चार लोकांत बोलला त्याची लाज होती. सासरच्या माणसांत बहिणीची मान खाली जाऊ नये, ही काळजी होती. ज्यानं-ज्यानं माझ्या अब्रूला हात घातला, त्याला-त्याला मी पैसे दिले. तात्यांनी हात घातला नाही, म्हणून ते मागं राहिले.

आणि चूक पैसे न देण्याची नव्हतीच. चूक पुढची आहे. तात्यांचं घर माझ्या शेताच्या वाटेवर. मार्चपासून मी ओढ्याच्या वाटेनं जायला लागलो. ती वाट लांबची. बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणलं, तिकडून बैलांना पाणी पाजता येतं. मार्चमध्ये ओढ्याला कुठलं आलं पाणी?

त्या हंगामात ऊस कमी होता. आधीच्या दुष्काळात लागणच झाली नव्हती. कारखाने लवकर बंद झाले आणि टोळ्या लवकर माघारी आल्या. तोड झाली नाही म्हणून तात्यांच्या पोराची उचल फिटली नाही. 18 हजार बाकी अंगावर राहिली. मे महिन्यात मुकादम दारात येऊन बसला.

त्या संध्याकाळी तात्या आमच्या अंगणात आले. चहा झाला. पाऊस कसा होईल, यावर बोलले. बैलाच्या शिंगाला हात लावून बघितला. मग "येतो दादा" म्हणून उठले. एक शब्द काढला नाही. मला मुकादमाचं कळलेलं होतं. मीही शब्द काढला नाही.

बायको चुलीपुढं होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हातारा कशाला आल्ता, तुम्हाला कळलं न्हाई का? का कळूनबी गप बसला?"

मी म्हणलं, "कुठून देऊ?"

ती म्हणाली, "देयाचं राहू द्या. बोलायला तरी काय पैसं पडत्यात?"

दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या तीन शेळ्या बाजारात पाठवल्या. 12 हजार आले. ते घेऊन मी तात्यांकडं गेलो, नेहमीच्या वाटेनं. उरलेले 8 हजार सोयाबीनवर देतो म्हणालो. ते पुन्हा तेच म्हणाले, "निवांत द्या." त्यांनी माझ्यासमोरच पैसे पोराकडं दिले. मुकादमाची बाकी 6 हजार उरली.

जून 2017 मध्ये शेतकऱ्यांचा संप झाला आणि त्याच महिन्यात सरकारनं कर्जमाफी जाहीर केली. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ. नियमित भरणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून कर्जाच्या पंचवीस टक्के, फार तर 25 हजार. पारावर लोक मला हसले. "भरायची लई घाई केलीस!" ज्यांना माफी मिळाली त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांची घरं त्यामुळं उभी राहिली. पण मला तेव्हा एक उमगलं. जे कर्ज सरकार माफ करू शकतं, ते मी जिवाच्या आकांतानं फेडलं. जे कुठलंच सरकार माफ करू शकत नाही, ते मात्र ठेवलं.

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मी ती लहानपणी ऐकली तेव्हा वाटायचं, किती सोपं आहे, बुडवलं की संपलं. पुढं ध्यानात आलं की तुकोबा घेणारे नव्हते, देणारे होते. लोकांकडून त्यांचं येणं होतं. तेही सगळं नाही, भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं त्यांनी बुडवली, असं सांगतात. म्हणजे बुडवायचा हक्क ज्याचं येणं आहे त्याचा. ज्याला द्यायचं आहे त्यानं बुडवलं तर त्याला वेगळं नाव आहे. तात्या "निवांत द्या" म्हणाले, ते त्यांच्या मोठेपणातून. तो त्यांचा शब्द होता. मी तो माझ्या सोयीला वापरला.

ऑक्टोबरात सोयाबीन घरात आलं. बाजारात 2,600 च्या आसपास भाव आणि सरकारचा 3,050. म्हणलं, जरा थांबू, भाव चढेल. पोती रचून ठेवली. तीन-साडेतीन क्विंटल विकलं असतं तर तात्यांचे 8 हजार झाले असते. पण ते मागत नव्हते.

त्यांची सून तेव्हा नुकतीच बाळंत झालेली. पोरगा मुकादमाला म्हणाला, "अवंदा मी एकटा येतो, अर्धा कोयता." मुकादम म्हणाला, "मागची बाकी अंगावर ठिवून अर्धा कोयता? जोडी पायजे." बाकी फिटलेली असती तर पोराला दुसरा मुकादम बघता आला असता. ती होती म्हणून जोडीनं जावं लागलं. तीन महिन्यांचं बाळ उसाच्या फडात सांभाळणार कोण? म्हणून त्यांची मोठी मुलगी संगं गेली. सातवी पास झालेली होती. अक्षर चांगलं होतं. आमच्या घरची पत्रिकांवरची नावं तिनंच लिहिलेली.

टोळी गेल्यावर आठ दिवसांनी मी सोयाबीन विकलं आणि 8 हजार नेऊन दिले. तात्यांनी घेतले. त्या रात्री वहीतल्या त्यांच्या पानावर रेघ मारायला पेन उघडला, आणि तसाच बंद केला.

पोरगी पुन्हा शाळेत गेली नाही. एक हंगाम बुडाला, मग दुसरा. 2022 ला तिचं लग्न झालं. तात्या आदल्या वर्षीच गेले होते. लग्नात मी भांड्यांचा सेट आणि साडी दिली. घरी येताना मनाला जरा बरं वाटत होतं. बायकोला तसं बोललो. ती म्हणाली, "तो आहेर झाला. फेडल्यालं न्हवं."

कीर्तनकार देवाचं, ऋषींचं आणि पितरांचं अशी तीन ऋणं सांगतात. कुणी चौथं माणसांचंही सांगतात. पहिल्या तिघांची फेड कशी करायची, त्याच्या रीती ठरलेल्या आहेत. चौथ्याची रीत ज्यानं-त्यानं ठरवायची. मी आता एवढंच करतो. हातात पैसे आले की वही उघडतो, आणि जो मागायला आलेला नाही त्याच्या घरी आधी जातो. पैसे पुरत नाहीत, कधीच पुरले नाहीत. मग हजार देतो, पाचशे देतो. तेही नसले तर जाऊन सांगतो, की या महिन्यात होत नाही, तुमची काही अडचण आहे का? तात्यांना हा एक प्रश्न मी विचारला असता, तर पैसे तेवढेच असूनही वाटणी वेगळी झाली असती. भाचीची भांडी कमी झाली असती, दुकानदार आणखी एकदा चार लोकांत बोलला असता. त्यानं मी काही मेलो नसतो.

परवा नागपंचमीला ती पोरगी माहेरी आली होती. तिचं बाळ घेऊन आमच्याकडं आली, बायकोच्या पाया पडली, माझ्याही पडली. "मोठे बाबा, बरे आहात का?" म्हणाली. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. चहा होईपर्यंत ती कोनाड्यातली वही चाळत बसली आणि म्हणाली, "बाबा, ह्या एका पानावर सगळं दिल्यालं लिवलंय, पर रेघ न्हाई मारली तुम्ही."

मी म्हणलं, "राहिली असंल."