खरारा आणि कात्री

घोड्याचे अंग उन्हात रेशमासारखे चकाकावे, हीच त्याच्या निगेची खूण, असे मानण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. तिच्यात वाढलेल्या वाचकाने ब्रिटनच्या डोंगराळ भागातील देशी तट्टू भर हिवाळ्यात पाहिले, तर हा घोडा की अस्वल, असा त्याला क्षणभर संभ्रम पडेल. शेटलंड बेटांवरचे तट्टू घ्या. उंची फार तर ४२ इंच; परंतु आयाळ मानेच्या दोन्ही अंगांनी पसरलेली, कपाळावरची झुलपे डोळ्यांवरून खाली उतरलेली, शेपटी जमिनीला टेकू पाहणारी आणि हनुवटीखाली चांगली दाढी! एक्समूर, हायलंड, फेल, डेल्स या जातींचाही थाट कमी-अधिक असाच. असे जनावर पाळणाऱ्यापुढे दर वर्षी एक साधा प्रश्न उभा राहतो: याचे केस किती विंचरावे, किती कापावे आणि किती तसेच राहू द्यावे? प्रश्न तबेल्यातला आहे खरा. परंतु आपल्या अधीन असलेल्या जीवाला आपल्या आवडीप्रमाणे घडविण्याचा अधिकार आपणांस कोठवर आहे, हा नीतीतला जुना प्रश्न त्या तबेल्यात जितका उघडा पडतो तितका ग्रंथांत क्वचितच पडतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे केस काय काम करतात ते पाहिले पाहिजे. थंडी पडली म्हणून ते वाढतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दिवस लहान होऊ लागला की शरीराला सूचना मिळते आणि थंडी येण्यापूर्वीच अंगरखा तयार होऊ लागतो. हा अंगरखा दुहेरी असतो. आत दाट, मऊ लव आणि तिच्यावर लांब, राठ केस. थंडी वाजली की केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते. त्यामुळे आतली ऊब बाहेर जात नाही. अशा तट्टाच्या पाठीवर बर्फ पडला तर तो न वितळता तसाच राहतो. पाहणाऱ्याला कीव येते. पण बर्फ वितळत नाही याचा अर्थच हा, की अंगातली ऊब त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्वचेतून पाझरणारा तेलकट अंश केसांना लागलेला असल्याने पावसाचे पाणी वरच्यावर ओघळून जाते. एक्समूर तट्टाच्या शेपटीच्या मुळाशी आखूड केसांचा पंखा असतो, तो पाणी आणि बर्फ बाजूला सारतो. खुरांमागे लोंबणारे झुपकेदेखील निव्वळ शोभेचे नव्हेत. पायावरून उतरणारे पाणी त्यांच्या टोकांवरून ठिबकून जाते आणि टाचेची नाजूक खोबण कोरडी राहण्यास मदत होते. आपण ज्याला गबाळेपणा म्हणतो ते त्या जनावराचे घर आहे; छप्पर, भिंती आणि पन्हळ यांसकट.

या घरात आता प्रेमळ मालक खरारा घेऊन शिरतो. खरारा ही गोष्ट आमच्या परिचयाची आहे. पागेतल्या घोड्याला मोतद्दाराने सकाळ-संध्याकाळ कसून खरारा करावा, हे योग्यच. कारण त्या घोड्याच्या डोक्यावर छप्पर आणि रात्री पाठीवर झूल असते. परंतु जे तट्टू रात्रभर माळावर पावसात उभे राहावयाचे, त्याला हाच न्याय लावून बारीक दातांच्या ब्रशाने मुळापर्यंत घासले, ऊन पाणी आणि साबण लावून धुतले, तर त्याच्या अंगावरचे तेल निघून जाते आणि पहिल्याच सरीत ते कातडीपर्यंत भिजते. म्हणून जाणते लोक हिवाळ्यात बाहेर राहणाऱ्या तट्टाचा वाळलेला चिखल तेवढा झाडतात आणि जेथे खोगीर किंवा पट्टा घासेल ती जागा स्वच्छ करून थांबतात. थांबणे हे मात्र सर्वांत कठीण. साबण लावणारा मालक क्रूर नसतो. उलट तो इतरांपेक्षा अधिक प्रेम करीत असतो. क्रौर्य ओळखता येते, त्याच्याविरुद्ध कायदाही करता येतो. प्रेमातला जो भाग केवळ आपल्याच डोळ्यांचे पारणे फेडण्यासाठी राबतो, तो ओळखावयाचा कसा?

एका काळी तो कोणालाच ओळखता आला नाही, याला इतिहास साक्ष आहे. इंग्लंडात घोड्याची शेपटी हाडासकट तोडून आखूड करण्याची रीत दीर्घकाळ सभ्यपणाची समजली जात असे. कारणे पुष्कळ सांगितली जात: लगाम शेपटीत अडकतो, चिखल उडतो, वगैरे. मग माश्या कशाने वाराव्या, हे कोणी घोड्याला विचारले नाही. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत ॲना स्यूएल हिने एका शेपटी तोडलेल्या घोड्याला स्वतःच्या तोंडाने तक्रार करावयास लावले. तरीही ती रीत बंद करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. शेपटी गेली तशीच मिशांची गोष्ट. घोड्याला आपल्या नाकपुडीच्या अगदी समोरचे दिसत नाही. ओठांभोवतीच्या राठ मिशांनी चाचपून तो बादलीचा काठ, गवतातला काटा ओळखतो. प्रदर्शनात मुखडा कोरीव दिसावा म्हणून या मिशा पिढ्यान्‌पिढ्या भादरल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा संघटनेने आपल्या स्पर्धांपुरती या प्रकाराला बंदी केली ती १ जुलै २०२१ पासून! शेपटी तोडणाऱ्यांना हसणाऱ्या किती पिढ्या मधल्या काळात हातात वस्तरा घेऊन उभ्या होत्या, हे वाचकांनीच मोजावे.

तर मग काहीच करू नये, सर्व निसर्गावर सोपवावे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याच्याविषयी आम्हांस आदर असला तरी त्याचे म्हणणे पुरते पटत नाही. ज्याला तो निसर्ग म्हणतो, तो तरी कितपत निसर्ग आहे? १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना जमिनीखाली काम करण्यास मनाई झाली, तेव्हा बुटक्या शेटलंड तट्टांची मागणी वाढली. लंडनडेरी घराण्याने ब्रेसे आणि नॉस या बेटांवर खाणीच्या कामासाठी म्हणून ठेंगणी व दणकट तट्टे निपजविली. १८९० साली वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था निघाली. कोणत्या घोड्याने वंश वाढवावा हे तेव्हापासून मनुष्यच ठरवीत आला आहे. अंगावरचे केस वाऱ्यापावसाने घडविले, पण त्या अंगाचे आजचे माप मनुष्याच्या गरजेने घडविलेले आहे.

प्रदर्शनांतील प्रकार तर याहून गमतीचा. देशी तट्टे नैसर्गिक स्थितीतच आणावी, त्यांची आयाळ गुंफू नये, असा तेथला दंडक. दंडक उत्तम, परंतु त्याचा परिणाम असा झाला, की कित्येक हौशी लोक कात्रीचा माग दिसू नये अशा बेताने कात्री चालवितात. जबड्याखालचे केस थोडे, आयाळीतले काही उपटून, पायांवरचे हलक्या हाताने, आणि अखेर असे तट्टू मैदानात येते की त्याला कोणी कधी हात लावला नसेल असेच वाटावे. उघड नटविण्यात निदान प्रामाणिकपणा तरी असतो. निसर्गाचे सोंग घेण्यासाठी निसर्गावर चालविलेली कात्री आम्हांस अधिक लबाड वाटते.

निसर्गवाद्यांना याहून गंभीर उत्तर खुद्द ते केसच देतात. दाट केसांखाली जनावर काय स्थितीत आहे हे दिसत नाही. हिवाळ्याच्या अखेरीस गोल गरगरीत दिसणाऱ्या तट्टाच्या बरगड्या हाताला स्पष्ट लागतात, असे पुष्कळदा घडते. तसेच केसांखाली चरबी साठून पुढे खुरांना दाह व्हावा, असेही घडते. खुरांवरच्या झुपक्यांत बारीक किडे होतात; तट्टू पाय आपटू लागते, आणि औषध कातडीपर्यंत पोचविण्यासाठी तेथले केस काढावेच लागतात. म्हातारपणी काही तट्टांना मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा विकार जडतो. त्यांचा हिवाळी अंगरखा उन्हाळा आला तरी गळत नाही, आणि तापलेल्या दुपारी ती लोकरीच्या गाठोड्यात धापा टाकीत उभी राहतात. अशा वेळी ‘निसर्गाला हात लावू नये’ म्हणणे हा निव्वळ आळस होय. हिवाळ्यात जे तट्टू रोज दौडीला नेले जाते, त्याचेही घामाने भिजलेले केस तासन्‌तास वाळत नाहीत. त्याच्या छातीचे व मानेखालचे केस काढून रात्री झूल घातली, तर ती निगाच.

तेव्हा दोष कात्रीचा नाही आणि पुण्य रानटीपणाचे नाही. कापणाऱ्याने कापताना काय डोळ्यांसमोर धरले, परीक्षकाचा चेहरा की तट्टाची आजची रात्र, एवढाच आमच्या मते कस लावण्याजोगा आहे. केस पुन्हा वाढतात, शेपटीच्या हाडासारखे जन्माचे नुकसान होत नाही, मग एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ते पुन्हा वाढेपर्यंतचा पाऊस तट्टालाच सोसावयाचा असतो. आणि ते निमूटपणे उभे राहते हे त्याच्या संमतीचे लक्षण समजणे तर फारच सोयीचे झाले. अधीन असलेल्यांचे मौन ही संमती मानण्याची सवय आपणांस माणसांच्या बाबतीतही आहेच.

शेटलंड तट्टू हे तिकडे बहुधा मुलांचे पहिले वाहन असते, आणि म्हणून हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांचाही ठरतो. मुलीला आयाळीत रिबिनी बांधाव्याशा वाटल्या तर खुशाल बांधू द्याव्या. संध्याकाळी सोडल्या म्हणजे झाले. मात्र त्याआधी तिला एक गोष्ट शिकवावी. पावसात भिजून आलेल्या तट्टाजवळ तिला उभे करावे आणि त्याच्या कुशीवरच्या केसांत बोटे हळूहळू आत, बरगड्या लागेपर्यंत, घालावयास सांगावे. बोटांची पेरे वर पाण्याने निथळत असतात. टोके मात्र आत कोरड्या, ऊबदार कातडीला टेकलेली असतात.