बोचकारणाऱ्या मांजराचा हक्क



गेल्या उन्हाळ्यात जोहरच्या नमाजपूर्वी आमच्या वुजूखान्यामागे एक भटके मांजर मागचा पाय ओढत आले. बहुधा एखाद्या वाहनाखाली सापडले असावे. मी उघड्या हातांनी त्याला उचलू गेलो आणि त्याने मनगटापासून कोपरापर्यंत मला ओरबाडले. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो येथे लिहिण्याजोगा नाही. अखेर दोन मुलांच्या मदतीने टोमॅटोच्या क्रेटखाली त्याला कोंडले, वर दगड ठेवला आणि नमाजला गेलो. नमाजनंतर मकतबची मुले आली, मग एका घरी निकाहाची बोलणी होती. असरला परतताना क्रेट दिसले तेव्हा आठवण झाली. सावली सरकून ऊन क्रेटवर आले होते आणि आत पाण्याची वाटीही नव्हती.

मांजर कोंडणाऱ्या स्त्रीची हदीस मी मुलांना दरवर्षी शिकवतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या सायंकाळी मात्र ती मला निराळी वाचता आली. त्या स्त्रीने मांजराला मारल्याचा तिथे उल्लेख नाही. तिने त्याला कोंडले, अन्नपाणी दिले नाही, आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यासाठी मोकळेही सोडले नाही, एवढाच तिचा अपराध. मोकळ्या मांजराची रोजी अल्लाहने त्याच्या पायांत आणि नाकात ठेवली आहे. आपण त्याच्यावर क्रेट पालथे घातले, अगदी त्याच्या भल्यासाठी घातले, की त्याच क्षणी त्याचे पाणी, त्याची सावली आपल्या हिशेबात जमा होते. चांगली नियत हा हिशेब पुसत नाही.

‘ज्याला वाचवायला गेलो तेच उलटले,’ असे आपण सहज म्हणून जातो. पण आपली नियत मांजराला कशी कळावी? त्याला फक्त वेदना कळते आणि वरून झेपावणारा हात दिसतो. एकदा हजरत आयशा (रजि.) अडेल उंटावर स्वार होत्या आणि त्याला जोराने इकडेतिकडे वळवू लागल्या. तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना सौम्यतेची आठवण दिली. विचार करा, ही शिकवण गरीब, आज्ञाधारक जनावराच्या वेळी दिली गेली नव्हती.

आपल्या जुन्नर-आंबेगावात तर याहून मोठ्या मांजराशी गाठ आहे. बिबट्याने ज्यांच्या घरातले मूल नेले, त्यांच्यासमोर करुणेचे व्याख्यान देण्याची माझी हिंमत नाही. त्यांचे दुःख खरे आहे आणि माणसाच्या जिवाचे रक्षण आधी, हेही शरीअतचेच सांगणे आहे. तरीही उघड्या विहिरीत पडलेला बिबट्या कसा काढतात ते आठवा. गर्दी मागे हटवली जाते. बुडू नये म्हणून त्याला टेकायला खाट सोडतात, नंतर पिंजरा. जखमी असेल तर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात उपचार होतात. उसाच्या फडात बछडे सापडले तर ते आईने न्यावे म्हणून पुन्हा त्याच जागी ठेवले जातात. या साऱ्यात तो बिबट्या हात चाटील अशी अपेक्षा कोणीच ठेवत नाही. (बिबट्याजवळ आपण स्वतः जायचे नाही. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवायचे.)

घरच्या अंगणातल्या मांजरालाही हाच क्रम लागू पडतो. आधी मुलांची गर्दी दूर करा. जाड गोधडी किंवा पोते हळूच वरून टाका, अंधारात ते शांत होते. गोधडीसकट उचलून हवेशीर खोक्यात ठेवा आणि पशुवैद्याकडे न्या. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका, ती मांजराला विष आहे. जखमेवर फिनेलही नको. हाती लागतच नसेल तर पाठलाग करू नका. आडोशाला पाणी आणि खाणे ठेवून जाणकाराला बोलवा.

आणि आपला देह हीसुद्धा अमानत आहे. मी दोन दिवस ओरखडे बाहीखाली लपवले, तो निव्वळ मूर्खपणा होता. चावले किंवा ओरबाडले तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. लसीचे सगळे डोस पुरे करा.

त्या सायंकाळी मी क्रेट सावलीत ओढले आणि फटीतून वाटीत पाणी ओतले. मांजर आधी गुरगुरले, मग बराच वेळ पीत राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय बांधून दिला. तो थोडा वाकडाच जुळला आहे. आजही मी जवळ गेलो की ते दात दाखवते. वाटी भरण्याची पाळी मकतबच्या मुलांनी आपसांत वाटून घेतली आहे, शुक्रवारी ती माझी असते.