कड्यावरचे बाळंतपण

शास्त्रपाठ : ईयोब ३९:१-४



केरळात मुन्नारजवळ एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे. दक्षिण भारतातील सर्वांत उंच शिखर अनैमुडी (२,६९५ मीटर) ह्याच उद्यानात येते. पाहुण्यांची तेथे सदा रीघ असते. पण दरवर्षी साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये फाटक बंद होते. कारण वाचून आम्हांस ईयोबाची आठवण झाली. त्या दिवसांत कड्यांवर रानबकऱ्या व्यालेल्या असतात.

हा प्राणी म्हणजे निलगिरी ताहर. तमिळ भाषेत त्याला वरैआडू, म्हणजे कड्यावरची शेळी म्हणतात. गंमत अशी की, २००५ साली तज्ज्ञांनी जनुके तपासली तेव्हा नात्याने तो शेळीपेक्षा मेंढराला जवळचा निघाला! (शेरडे व मेंढरे निराळी करण्याचे काम प्रभूने आपल्या मंडळीच्या कमिट्यांकडे का सोपविले नाही, ते यावरून कळावे.) एकेकाळी ही जागा चहामळ्यांच्या साहेबांचे शिकारीचे रान होती. १९७५ साली तिचे अभयारण्य झाले व १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. आज जगातील ह्या जातीचा सर्वांत मोठा कळप येथेच आहे. माणसाच्या भयाची सवय मोडल्याने जनावरे रस्त्याच्या कडेला निर्धास्त चरतात.

त्याच डोंगरावर आपल्या सह्याद्रीतील कारवीची बहीण, नीलकुरिंजी, बारा वर्षांनी एकदा फुलते. ती २००६ साली फुलली, मग २०१८ साली. आणि शिखरावरच्या बांबूच्या झुडपांत एक इवलासा नारिंगी बेडूक राहतो. २०१० पर्यंत त्याला शास्त्रीय नावही नव्हते. त्याची अंडी बांबूच्या बुंध्याशी असतात. बेडूकमासा न होता अंड्यातून सरळ बेडूकच बाहेर येतो. कोणी पाहत नसताना कितीतरी युगे हे चालू होते.

आता ईयोबाकडे पाहा. सात मुलगे, तीन मुली एका दिवसात गेल्या. वाऱ्याने त्याच्या थोरल्या मुलाचे घर पाडले आणि देव त्याच्याशी बोलला तोही वावटळीतूनच. 'का?' ह्या प्रश्नाला उत्तर नाही. उलट देव विचारतो, रानबकऱ्या केव्हा व्यातात हे तुला माहीत आहे काय? त्यांचे महिने तू मोजलेस काय? पोरके झालेल्या बापाला बाळंतपणाच्या गोष्टी! हे आम्हांला पुष्कळ वर्षे कठोर वाटत असे. मित्रांची भाषणे त्यापेक्षा बरी, असेही मनात येऊन गेले.

मग आमच्या मंडळीतील एका घरी तान्हे मूल वारले. आम्ही तयार वचने घेऊन गेलो, ईयोबाच्या मित्रांसारखेच पुष्कळ बोललो, आणि घर अधिकच गप्प झाले. पुन्हा गेलो तेव्हा नुसते बसलो. बऱ्याच वेळाने त्या माउलीनेच काहीतरी वाचा म्हटले. आम्ही हा अध्याय काढला व बंद फाटकाची हकीकतही सांगितली. कड्यावर वेणा देणाऱ्या बकरीजवळ सुईण नसते, माणूस नसतो. तिचे दिवस मोजणारा मात्र असतो, एवढेच आम्ही म्हणालो.

तिने विचारले, "पाळकसाहेब, त्यातले एखादे पिल्लू दगावले, तर तेही त्याला कळते का?"

आम्ही 'होय' म्हणालो. त्यापुढे त्या दिवशी काही बोललो नाही.