जाळ्यात आलेले



पावसाळी बंदी संपून होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, तेव्हाची गोष्ट. बंदरावर आपल्या धर्मग्रामातील एका वयस्कर मच्छीमार भावाने मला विचारले, "फादर, जाळ्यात आलेला कचरा आम्ही परत दर्यात टाकतो. हे पाप का?" मी उत्तर दिले नाही. खरे म्हणजे मला सुचले नाही.

त्याची अडचण समजून घ्या. डोल जाळे पाण्याच्या ओढीसमोर तोंड उघडून उभे असते. बोंबील, जवळा यांच्याबरोबर पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, तुटक्या चपलाही आत शिरतात. पावसाने धुऊन निघालेले नाले हे सारे खाडीत आणतात, खाडी समुद्रात. हा कचरा बहुतांशी त्याने केलेला नसतो. तो निवडेपर्यंत बोंबील नरम पडतो. बंदरावर आणला, तर ठेवायचा कुठे? म्हणून तो परत पाण्यात जातो आणि पुढच्या ओहोटीला शेजाऱ्याच्या जाळ्यात येतो.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (१३:४७-४८) प्रभू येशूने जाळ्याचा दाखला दिला आहे. तो मी कितीदा वाचला असेल, पण एक गोष्ट त्या दिवसानंतरच लक्षात आली. ते कोळी जाळे किनाऱ्यावर ओढतात, बसतात आणि मग निवडतात. त्यांनी फेकलेले वाईट मासे लेवीय ग्रंथाच्या नियमाप्रमाणे खवले नसलेले असतील. तीही देवाचीच निर्मिती, कुजून मातीला मिळणारी. प्लास्टिक कुजत नाही. उन्हालाटांनी त्याचे तुकडे होतात, ते मासा गिळतो, आणि मासा आपण.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वाळूच्या ढिगाचे कोडे आम्हांला घातले जाई. एक कण टाकल्याने ढीग होत नाही, मग ढीग होतो कधी? तेव्हा तो शब्दांचा खेळ वाटे. गेल्या सणाला चर्चच्या आवारात पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडला होता. तो कुठे गेला, हे मी विचारले नाही. मिस्साच्या आरंभी आपण न केलेल्या कर्तव्याचीही क्षमा मागतो, ती मीही मागितलीच असेल. राज्यात २०१८ पासून पातळ पिशव्यांवर बंदी आहे. तरी बाजारात मासळी कशात बांधून मिळते, हे आपण जाणतो.

ज्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही, त्याच्या माथी मी हे पाप मारणार नाही. मात्र फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा जो समुद्रात सोडतो, त्याला एवढी सवलत नाही.

मार्ग निघू शकतो. केरळात कोल्लमजवळ नींदकरा बंदरात २०१७ साली 'शुचित्व सागरम' योजना सुरू झाली. मच्छीमारांनी जाळ्यातले प्लास्टिक पिशव्यांत भरून परत आणले, बंदरावर स्त्रियांनी ते निवडले, धुतले. पुढे यंत्रात बारीक करून ते रस्त्याच्या डांबरात वापरले गेले. इटलीत सान बेनेदेत्तो देल त्रोंतोच्या मच्छीमारांनीही समुद्रातले प्लास्टिक असेच किनाऱ्यावर आणले. पोप फ्रान्सिस जानेवारी २०२० मध्ये त्यांना आवर्जून भेटले.

त्या भावाला उत्तर द्यायचे अजून राहिलेच आहे. येत्या बुधवारी संध्याकाळच्या रोझरीनंतर मच्छीमार बंधुभगिनींबरोबर चर्चच्या हॉलमध्ये बसणार आहोत. बंदरावर गोण्या कुठे ठेवायच्या, भरल्यावर त्या कोणी उचलायच्या, एवढेच ठरवायचे आहे. ज्यांच्या घरी होडी नाही, त्यांनीही यावे. नाले त्यांच्याच दारावरून येतात.

आपला,
प्रमुख धर्मगुरू