चार लोकांत बोललेलं खरं

"सांग, बाबांना ताप आलाय." दारावर टकटक झाली की आई मला पुढे करायची. मी तिसरीत होतो. दूधवाला, पतपेढीचा वसुलीवाला, बाबांच्या ऑफिसातले काका, सगळ्यांना मी हेच सांगत असे. आतल्या खोलीत बाबा दारू पिऊन आडवे असत. दारातल्या माणसाला सगळं आधीच ठाऊक आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि कानशिलं तापायची. व्यसनी माणसाच्या घरात खोटं बोलणं हे दळण आणण्यासारखं, पाणी भरण्यासारखं एक घरकामच असतं. बहुतेकदा ते सगळ्यात धाकट्याच्या वाट्याला येतं.

घरात सगळे खरं बोलू लागले की हे संपेल, असं मला कितीतरी वर्षं वाटे. तो समज महात्मा गांधींचे थोरले चिरंजीव हरिलाल गांधींनी मोडला. दिनकर जोशींच्या गुजराती कादंबरीवर अजित दळवींनी लिहिलेलं 'गांधी विरुद्ध गांधी' हे नाटक पाहिलं आणि हा मुलगा डोक्यातून जाईना.

हरिलाल १८८८ साली जन्मले. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहात ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. लोक त्यांना 'छोटे गांधी' म्हणत. त्यांना शिकायचं होतं. डॉ. प्राणजीवन मेहतांनी इंग्लंडमधल्या शिक्षणाचा खर्च देऊ केला, तेव्हा गांधीजींनी पुतण्या छगनलालला पाठवलं. तो आजारी पडून परतल्यावर सोराबजी अडाजानियांना. आपल्या पोराला झुकतं माप द्यायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं आणि त्यात तसूभरही ढोंग नव्हतं. १९११ साली हरिलाल घर सोडून निघून गेले.

त्यानंतर बापलेक बोलले ते बरंचसं जगासमोर. १९१५ साली हरिलालनी वडिलांना लिहिलेलं लांबलचक तक्रारीचं पत्र छापूनच काढलं. १९२५ साली, ते संचालक असलेल्या कंपनीबद्दल एका वकिलाची तक्रार आली, तर वडिलांनी 'यंग इंडिया'त जाहीर उत्तर दिलं: आमचे मार्ग वेगळे आहेत, त्याच्या व्यवहाराशी माझा संबंध नाही. १९३६ साली हरिलालनी धर्म बदलला, त्यावरही वडिलांचं निवेदन वर्तमानपत्रांतून.

गांधीजींनी आपली चूक कबूल केली नाही असं कुणी म्हणू नये. मुलाचे दोष हे आपल्याच तारुण्यातल्या बेशिस्त जगण्याचे पडसाद आहेत, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. असं लिहायला केवढी छाती लागते! पण मुलाची तक्रार वेगळीच होती. मला शिकवलं नाहीत, एवढंच तो म्हणत होता, आणि तिथे वडिलांना आपलं चुकलं असं वाटत नव्हतं. आईबापांच्या कबुलीत हे मी फार पाहिलं आहे. कोणती चूक मान्य करायची, हेही तेच ठरवतात.

कटनी स्टेशनवरचा एक प्रसंग सांगतात. हरिलाल फाटक्या अवतारात गर्दीतून वाट काढत डब्यापाशी आले आणि त्यांनी कस्तुरबांच्या हातात एक संत्रं दिलं. माझ्यासाठी काय आणलंस, असं बापूंनी विचारलं, तर म्हणाले, काही नाही, हे फक्त बांसाठी. त्या एका संत्र्यात छापील पत्रापेक्षा जास्त खरं होतं, असं मला वाटतं. पुढे पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये बांचे शेवटचे दिवस चालले असताना ते भेटायला आले, तेही पिऊन. बांनी कपाळ बडवून घेतलं. २२ फेब्रुवारी १९४४ला त्या गेल्या. वडिलांच्या खुनानंतर पाच महिन्यांच्या आत, १८ जून १९४८ला, हरिलाल मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात वारले.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली; कबुलीचा वेगळा मार्ग तिने दाखवला. तिच्या बारा पायऱ्यांतल्या आठवीत आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची असते. नववीत शक्य तिथे त्या माणसांपाशी जाऊन भरपाई करायची, मात्र त्यातून त्यांनाच इजा होणार असेल तर थांबायचं. कबुली कुणापाशी द्यायची आणि तिची किंमत कुणी मोजायची, हे मला इतकं स्पष्ट इतर कुठे सापडलं नाही.

बाबांनीही उपचारानंतर एका सभेत उठून सगळं सांगितलं होतं. चाळीसेक माणसं रडली, आई रडली, टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत दात आवळून बसलो होतो. बाबांची कबुली त्या चाळीस जणांना माझ्याआधी मिळाली होती. आणि त्या भाषणात त्यांचा पश्चात्ताप होता, दारातला मुलगा नव्हता.

त्यानंतर दीड वर्षाने एका रविवारी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मान वर न करता ते म्हणाले, "तुला दारात उभं करायचो आम्ही. ताप नव्हता मला." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. आम्ही उरलेले मटार सोलले.